रात्र ओलांडेल एवढी भूल

जगातली कुठलीही गोष्ट आहे तशी पुरेशी आहे, असं एकदाही न मानलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याच डोक्यावर राहतो. म्हणजे चेन्नईत, पश्चिम मांबलममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, बायकोसह, भाड्यानं. आमचे घरमालक भूलतज्ज्ञ. सबंध माणूस झोपवणाऱ्यांतले नव्हेत. एखादा हात, एखादा पाय, एखादा खांदा, असा माणसाचा एकच प्रांत झोपवून बाकीच्या माणसाला गप्पा मारायला जागं ठेवणारे. काखेत किंवा मानेशी बारीक सुई घालायची, तिथून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूभोवती औषध सोडायचं, की पुढचा सगळा हात गाढ. याला ते 'ब्लॉक' म्हणत. आता एवढ्यावर कुणाही भूलतज्ज्ञाचं समाधान झालं असतं. यांचं कसं होणार? त्या औषधात ते एका इवल्या काचेच्या कुपीतलं स्टिरॉइड मिसळत. दंड फुगवायला घेतात ते नव्हे, दुसरं. सूज उतरवणारं, 'डेक्सा' म्हणून ओळखलं जाणारं. कुपीच्या मानेवर टिचकी मारायची, आतला शेवटचा थेंब खाली आला की कट्कन मान मोडायची, आणि चेहऱ्यावर असा भाव आणायचा, की सांबारात शेवटी हिंग पडला, आता झाकण ठेवा. त्या एका थेंबानं भूल संध्याकाळी उतरायची ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. "कुठलीही वस्तू एकटी फार टिकत नाही, पा," ते म्हणत. "तिला सोबत लागते."

हे तत्त्वज्ञान दवाखान्यात ठेवून यायची त्यांना सवय नव्हती. ते कॉफीत चिमूटभर मीठ घालत, चव जिभेवर टिकते म्हणून. देवापुढच्या समईत तिळाच्या तेलात एरंडेल घालत, ज्योत टिकते म्हणून. घराला चुना द्यायचा तर त्यात मेथीचं पाणी घालत, भिंत टिकते म्हणून; परिणामी आमच्या वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलं की महिनाभर भूक लागत असे. त्यांच्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ते काय घालत हे मी विचारलं नाही, पण ती सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून समोरच्या गल्लीत जात. या सगळ्याला घरात एकच विरोधी पक्ष होता. त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना मामी म्हणत असू. समई रात्रभर तेवू लागली तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, "देवाच्या डोळ्यांवर उजेड येतोय. झोपू द्या त्याला." डॉक्टरांनी एरंडेल निम्म्यावर आणलं. बंद केलं नाही.

दोघांचं मराठी ऐकण्यासारखं. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आले आणि परत जायचं विसरले, असं डॉक्टर स्वतःच सांगत. त्यांचं बोलणं ऐकताना मला वाटे, कुणीतरी डोक्यावर पगडी बांधून स्कूटर चालवतंय. 'मज पाहिजेल', 'कशास आलांत', 'अगे, इकडे ये गे', आणि मध्येच तमिळ 'सरि', म्हणजे बरं, 'परवाइल्ले', म्हणजे असू दे, आणि वाक्याच्या शेवटी जिव्हाळ्याचा तो 'पा'. मी कोल्हापूरचा. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "तुम्ही फार भरभर बोलता," ते म्हणत. "तुमची भाषा लौकर उतरते."

तर या माणसाच्या हाती मी सापडलो तो चेन्नईजवळच्या कोवलमच्या एका सुरमईमुळे. त्या वेळी मी चेन्नईत नवा होतो. ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरी, आणि तमिळ म्हणाल तर बसच्या नंबरांपुरतं. या घरात मासा शिजवायचा नाही ही राहण्याची पहिली अट. म्हणून एका रविवारी मी कोवलमला गेलो, होडीवरून उतरणारी ताजी सुरमई एका मित्राच्या घरी शिजवण्यासाठी घेतली, आणि ओल्या वाळूवरच्या दोरात पाय अडकून पडलो. पडताना मी सुरमई वर धरली. सुरमईला खरचटलंसुद्धा नाही. माझं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. घरी आलो तेव्हा मामी दारात उभ्या. "कोवलमला कशास गेलांत?" मी म्हटलं, समुद्र बघायला. डॉक्टरांनी माझ्या शर्टाचा वास घेतला आणि मामींकडे वळून म्हणाले, "खरं आहे गे. थोडा अंगाला लावून आणलाय." मग माझा हात त्यांनी एखादं तान्हं मूल घ्यावं तसा हातात घेतला, आणि त्या क्षणापासून तो हात माझा राहिला नाही.

ते ज्या लहानशा नर्सिंग होममध्ये जात, तिथेच दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. हिरव्या पडद्याच्या एका बाजूला माझं डोकं, दुसऱ्या बाजूला माझा हात आणि बाकीची दुनिया. डॉक्टरांनी मानेच्या खाली सुई घातली, समोरच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं, त्याला ते 'टीव्ही' म्हणत. औषध गेलं. डॉक्टर माझ्या बोटांशी गेले. इतकी वर्षं तमिळ रोग्यांत घालवल्यामुळे ऑपरेशनच्या खोलीत त्यांच्या तोंडून तमिळच निघे. मी मराठी आहे हे ते साफ विसरले. त्यांनी माझ्या करंगळीला चिमटा काढला आणि अत्यंत मायेनं विचारलं, "मरत्तु पोच्चा?"

आता तमिळमध्ये याचा अर्थ, बधिर झालं का. पण मला तो कुणी सांगितला होता? पाठीवर उताणा, दिव्याखाली, मला माझ्या मातृभाषेत ऐकू आलं: मरत मरत पोचला का? मी म्हटलं, "अजून नाही, डॉक्टर." ते म्हणाले, "सरि," आणि थोडं थांबून पुन्हा चिमटा. "मरत्तु पोच्चा?" मी म्हटलं, "डॉक्टर, मी आहे अजून." तिसऱ्या वेळी त्यांच्या आवाजात काळजी आली. चिमटा काढलेला मला कळला नाही, फक्त तो प्रश्न ऐकू आला, आणि माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बायकोला आत बोलवता का जरा?" तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. ते इतके हसले, की सर्जन सुरी हातात घेऊन थांबला. नंतर कित्येक महिने गल्लीत मी दिसलो की ते स्कूटर हळू करून विचारत, "काय पा, पोचलांत की नाही?" आणि मी म्हणत असे, "आहे अजून."

त्या रात्रीबद्दल मात्र मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण ती मला त्यांनी फुकट दिलेली रात्र आहे. हात होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी. उचलायला गेलं की तोंडावर आपटे. माझी बायको एकदा दचकून म्हणाली, "हा कोणाचा हात माझ्या उशीवर?" मी म्हटलं, घरमालकांचा, भाड्यात धरलाय. डॉक्टर सकाळी वर आले, बोट चिमटून पाहिलं, आणि वर्गातल्या पहिल्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "अजून झोपलाय. गुणी हात आहे." भूल उतरली दुपारी. एकदम. जणू कुणी दार ढकलून आत आलं. मी ओरडलो तसे ते खालून वर आले, गोळी दिली, शेजारी बसले आणि म्हणाले, "दुखतंय? मग समजायचं, हात तुमचाच आहे."

मी विचारलं, एवढा वेळ भूल टिकवायची कशाला? हात एवढा वेळ मेलेला ठेवून तुम्हाला काय मिळतं? त्यांचा विनोद बंद पडायच्या जागा ठरलेल्या होत्या. ही त्यातली एक. म्हणाले, "कापतात दिवसा, पा. दुखतं रात्री. दिवसा सगळे असतात. सर्जन असतो, सिस्टर असते, संत्री घेऊन आलेली माणसं असतात. साध्या औषधाची भूल उतरते दिवेलागणीला. म्हणजे कधी? सगळे घरी गेले की. मग रात्रभर तो माणूस आणि ते दुखणं, दोघेच. मी एक थेंब घालतो तो ती रात्र ओलांडण्यासाठी. सकाळी दुखलं तर दुखू दे. सकाळी कुणीतरी असतं."

मी त्यांच्या कितीही गमतीजमती सांगितल्या तरी हे वाक्य सांगितल्याशिवाय माणूस पुरा होत नाही.

त्यांची एकुलती मुलगीही भूलतज्ज्ञ झाली. एका मोठ्या रुग्णालयात आहे. ती दर रविवारी जेवायला येई, आणि बापलेकीचं भांडण ऐकायला मी काही ना काही निमित्तानं खाली उतरत असे. तिचं म्हणणं, हे स्टिरॉइड साध्या सलाइनच्या नळीतून रक्तात दिलं तरी जवळपास तेवढंच काम करतं. "मज्जातंतूच्या उशाशी नेऊन ओतायचा हट्ट कशाला, अप्पा? त्याच्या खोक्यावरसुद्धा तसं द्यावं म्हणून लिहिलेलं नाही." डॉक्टर म्हणत, "पाहुण्याला जेवू घालायचं तर त्याच्या पानात वाढतात. गल्लीत भात उधळून, तुझ्या वाट्याला येईल तेवढा वेच, असं सांगत नाहीत. आणि तुझी आई रस्सममध्ये गूळ घालते तो कुठल्या खोक्यावर लिहिलाय?" मुलगी म्हणे, रस्सम चुकलं तर कुणाचा हात लुळा पडत नाही. या वादाची खरी गंमत अशी, की तमिळमध्ये रक्ताची शीर म्हणजेही 'नरंबु' आणि मज्जातंतू म्हणजेही 'नरंबु'. मामी दोन्ही बाजू ऐकून घेत आणि ताटात ताक वाढता वाढता म्हणत, "एक म्हणतो नरंबुत घाला, दुसरी म्हणते नरंबुत घाला. मग भांडता कशास?"

पण डॉक्टरांच्या या टिकवाटिकवीचं खरं रणांगण होतं दारातली पायरी. मामी रोज पहाटे पायरी धुऊन तिथे कोलम काढत. आपल्याकडच्या रांगोळीचीच बहीण. पण तांदळाच्या पिठाची, मुंग्यांनी खावी, चिमण्यांनी टिपावी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पुसावी आणि दुसऱ्या दिवशी नवी काढावी, अशा बोलीनं काढलेली. ठिपके न मोजता त्यांचा हात असा फिरे, की रेघ सुरू कुठे झाली ते शेवटी त्यांनाच ठाऊक. डॉक्टरांना हे पाहवत नसे. इतकं सुंदर काढायचं आणि दुपारच्या आत दूधवाल्याच्या चपलेखाली घालवायचं? एका पोंगलला त्यांनी मामींच्या नकळत पिठाच्या वाटीत चांगला दाट गोंद मिसळला. मामींनी आपलं मोठं कमळ काढलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओतलं, झाडू मारला, नारळाची शेंडी घासली. कमळ हलेना. मामी तिसऱ्या दिवशीही घासत होत्या आणि डॉक्टर वर्तमानपत्राआड उभे राहून पाहत होते, चेहऱ्यावर ब्लॉक उत्तम लागल्याचं समाधान. मग मामी उठल्या आणि म्हणाल्या, "कालचं पुसलं नाही तर आजचं काढू कुठे? उतरायचं ते उतरू द्यावें. तुम्हांस एवढं कळत नाही?" आणि पुढे बरेच दिवस त्या डॉक्टरांशी फक्त आमच्यामार्फत बोलल्या. कमळ हळूहळू निघालं. खालच्या पायरीच्या कोपऱ्यातली एक पाकळी तेवढी राहिली ती राहिलीच. मामी रोज तिला वळसा घालून कोलम काढत, आणि वळसा घालताना दर वेळी घराच्या आत ऐकू जाईल एवढा सुस्कारा टाकत.

डॉक्टरांचा हात थरथरायला लागला तो नेमका कधी, हे मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी ते विनोदात गुंडाळून ठेवलं. कॉफीचा कप बशीत वाजू लागला तेव्हा म्हणाले, स्कूटरचं इंजिन अंगात शिरलंय. सुईच्या टोकाशी मज्जातंतू, त्याच्या शेजारी रक्ताची मोठी शीर, आणि दोघांत तांदळाएवढं अंतर. तिथे इंजिन चालत नाही. ते रोज सकाळी पूर्वीसारखे बॅग घेऊन निघत. एकदा मी टी. नगरला साडी बदलून आणायला गेलो होतो, गर्दीतून वाट काढत तिथल्या बागेपाशी आलो, आणि आत बाकावर डॉक्टर दिसले. मांडीवर बॅग. शेजारी कुणी नाही. समोरच्या झाडाकडे पाहत नव्हते, आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. त्याला काहीतरी समजावून सांगत असावेत असे. संध्याकाळी जिन्यात भेटले. मी विचारलं, "आज काय होतं, डॉक्टर?" ते म्हणाले, "खांदा होता. छान लागला." मी म्हटलं, वा. आमच्यात एवढंच झालं.

मग डिसेंबरातला मार्गळी महिना आला. त्या महिन्यात चेन्नईच्या बायका मोठमोठी कोलमं काढतात, आणि पहाटेची पायरी निसरडी असते. मामी घसरल्या. उजवा हात खाली टेकला आणि माझ्यासारखंच मनगट गेलं. मी धावत खाली उतरलो तेव्हा त्या पायरीवर बसून मोडका हात डाव्या हातात धरून होत्या आणि डॉक्टरांना सांगत होत्या, "अर्धंच झालंय. त्यावर पाय देऊ नका."

नर्सिंग होममध्ये सर्जननं फोटो पाहिला, आत धातूची पट्टी बसवावी लागेल म्हणाला. ऑपरेशनला नेण्याआधी खोलीत आम्ही चौघंच होतो: मामी, डॉक्टर, घाईघाईनं आलेली मुलगी, आणि दाराशी फ्लास्क धरून उभा मी. डॉक्टरांनी कोट काढून ठेवला होता, हात कोपरापर्यंत धुतले होते. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी कुपीच्या मानेवर टिचकी मारली. दोनदा मारली. तिसरी हुकली.

मुलगी हळूच म्हणाली, "अप्पा, मी देते."

"तुझी आई आहे. तुझा हात कापेल."

"तुमची बायको आहे."

दोघंही मामींकडे बघेनात. या घरातला कुठलाही वाद मामींच्याच ताटापाशी संपायचा, तसा तोही संपला. मामी म्हणाल्या, "दोघंही माझीच. ज्याचा हात थांबलेला आहे त्यानं द्यावें." मग डॉक्टरांकडे पाहून आवाज उतरवून म्हणाल्या, "बागेतला बाक थंड असतो. उद्यापासून घरी बसा."

त्यांना सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांनी आपला हात समोर धरला. पालथा, मग उताणा. खोलीत पंखा फिरत होता आणि तो हात पंख्याच्या वाऱ्यानंच हलतोय असं आम्ही सगळ्यांनी मानायचं ठरवलं. मग त्यांनी तो खिशात घातला. "सरि," म्हणाले.

मुलगी शहाणी. तिनं औषध भरलं, आणि बापाच्या हातातली ती कुपी घेऊन विचारलं, "डेक्सा घालू? तुमच्या पद्धतीनं. सलाइनमधून नाही, मज्जातंतूजवळ." इतक्या रविवारांचं भांडण तिनं त्या एका वाक्यात हरून दाखवलं. जगात कुठलीही गोष्ट आहे तशी पुरेशी नाही असं मानणाऱ्या त्या माणसानं मामींच्या उशाशी लावलेला कागद पाहिला. मामींना जुना मधुमेह. त्या दिवशी साखर फार चढलेली होती, आणि हे स्टिरॉइड साखर आणखी चढवतं. ते म्हणाले, "नको. साधंच दे."

"मग लवकर उतरेल, अप्पा."

"उतरू दे. मी आहे."

मुलीनं ब्लॉक दिला. डॉक्टर मामींच्या बोटांशी उभे राहिले, डाव्या हातानं चिमटा काढला, आणि विचारलं, "मरत्तु पोच्चा?" मामी डोळे मिटून म्हणाल्या, "पोचले. आता चिमटे काढू नका."

दिवेलागणीला भूल उतरली. मी फ्लास्कमधून कॉफी घेऊन गेलो होतो. सर्जन गेला होता, मुलगी औषधं आणायला खाली उतरली होती, सिस्टर दुसऱ्या खोलीत होती. म्हणजे डॉक्टर नेहमी सांगत तीच वेळ. मामींच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट. डॉक्टर स्टुलावर बसून त्यांचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बोलत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तंजावरच्या आजोबांची बैलगाडी, लग्नात हरवलेली चप्पल, कुणा मावशीनं सासऱ्याच्या पगडीत लपवलेले लाडू. एक गोष्ट संपायच्या आत तिच्यात दुसरी घालत, दुसरीत तिसरी, टिकावी म्हणून. मामी मध्येच कण्हल्या.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"मग समजायचं, हात तुझाच आहे."

"माहीत आहे," मामी म्हणाल्या. "तुमचा कापतोय तोही माझाच आहे. धरून ठेवा नीट."

मी फ्लास्क टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. ती रात्र दोघांनी कशी ओलांडली ते मी पाहिलं नाही. सकाळी गेलो तेव्हा मामी झोपल्या होत्या आणि डॉक्टर घसा बसल्यामुळे नुसत्या खुणा करत होते.

मनगट जुळलं. मामी पुन्हा कोलम काढू लागल्या, पण आता रेघ जरा वाकडी जाई, आणि जिथे सुरू झाली तिथे परत येईपर्यंत दोनदा थांबे. डॉक्टर बागेत जायचे बंद झाले, वर्तमानपत्र घेऊन दारात बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत, "पाहिलांत? हात पहिल्यापेक्षा चांगला झाला." पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मामी जेवण आटोपून जरा पडल्या. चारची कॉफी घेऊन डॉक्टर उठवायला गेले. डॉक्टर माणूस, मनगटावर बोटं ठेवली तेव्हा त्यांना कळलंच असणार. तरी मी हाकेसरशी खाली उतरलो तेव्हा ते मामींचं एकेक बोट हळूहळू चिमटीत धरून पाहत होते, आणि काही विचारत नव्हते.

आता कॉफीत मीठ नसतं. समईत नुसतं तिळाचं तेल असतं आणि ती वेळेवर विझते. मुलगी म्हणते, माझ्याकडे चला. ते म्हणतात, बघू. स्कूटर उभी आहे, आणि गल्लीतली कुत्री तिच्याखाली झोपतात.

परवा कामावरून आलो तर ते पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. म्हटलं, "कसं आहे, डॉक्टर?" ते समोर बघत म्हणाले, "मरत्तु पोच्चु, पा." माझ्या तमिळची अजून फारशी प्रगती नाही. 'मरत्तु' म्हणाले, म्हणजे बधिर झालंय. की 'मरंदु' म्हणाले, म्हणजे विसरून गेलंय. दोन शब्दांत अंतर तांदळाएवढंच, आणि तिसरा अर्थ तर माझ्या मातृभाषेत आहेच. मी पुन्हा विचारलं नाही. पूर्वीची चेष्टा तोंडावर आली होती, 'आहात अजून', ती गिळली. म्हटलं, "उतरेल."

"उतरेल," ते म्हणाले. "तेच म्हणतो मी. उतरेल तेव्हा रात्र नको असायला."

तेवढ्यात गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन आला. पायरीवर पाय ठेवणार, तोच डॉक्टर पटकन उठले. थरथरता हात पुढे करून त्याला अडवलं, आणि खालच्या पायरीच्या कोपऱ्याकडे, त्या गोंदाच्या जुन्या पाकळीकडे बोट दाखवत म्हणाले, "इकडून ये, पा. तिथे ओलं आहे."